स्विंग शिकवायचा तर सर्टिफिकेट कुणाचं? हार्लेम, दादर आणि आमचं क्लबहाऊस

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलले तसंच ठेवलंय, फक्त मधल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.)

आजच्या भागाची सुरुवात एका फॉर्मपासून.

वाकडला आम्ही राहतो त्या सोसायटीत क्लबहाऊस आहे. योगा, झुंबा, लहान मुलांचं अबॅकस, सगळं तिथेच चालतं. गेले काही महिने आम्ही आठ-नऊ जण दर शनिवारी संध्याकाळी तिथे एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन जमतो आणि स्विंग डान्स करतो. मी बेंगळुरूला नोकरीला होते तेव्हा दोन वर्षं शिकले, मग हिंजवडीत बदली झाली. इथे जवळपास कुणी सापडेना, म्हणून ऑफिसमधल्या दोघांना ओढलं. त्यांनी आणखी चौघांना ओढलं. आता नवीन लोक विचारायला लागलेत, "तू रीतसर क्लास घे ना."

म्हणून क्लबहाऊसच्या बुकिंगचा फॉर्म आणला. नाव, फ्लॅट नंबर, वेळ, सगळं भरलं. आणि शेवटून दुसरा रकाना: 'प्रशिक्षकाची पात्रता व प्रमाणपत्र'.

अडकले. मी बीटेक आहे, त्याचं प्रमाणपत्र आहे. क्लाउडची दोन सर्टिफिकेशन्स आहेत. नाचाचं काहीच नाही. आणि खरं सांगू का, रकान्यापेक्षा मोठा प्रश्न डोक्यात होता. दोन वर्षं शिकलेल्या मुलीने, नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत जन्मलेला नाच वाकडमध्ये शिकवायचा, हा अधिकार मला दिला कुणी?

मग मी आपली नेहमीची सवय केली. वाचायला बसले. की बाबा, हा नाच शिकवणारे पहिले लोक शिक्षक झाले तरी कसे? आजचा भाग त्याच्यावर आहे.

सॅव्हॉयची लाकडी जमीन

आधी एक मिनिट, स्विंग म्हणजे काय ते. स्विंग हे १९३० च्या दशकातलं जॅझ संगीत. मोठा बँड, ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम्स. त्यातल्या ठेक्याची गंमत अशी की दोन ठोक्यांमधलं अंतर समान नसतं. पहिला जरा लांबतो, दुसरा आखूड होतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला झोक्यावर बसल्यासारखं वाटतं. त्यावर जोडीने करायचा जो नाच, त्याचं मूळ नाव लिंडी हॉप. त्यातली मुख्य हालचाल आठ मात्रांची. आपल्याकडे केरव्याच्या आठ मात्रा असतात ना, मोजायला तेवढ्याच. नाचणारे एकमेकांच्या जवळ येतात, फिरतात आणि हात न सोडता लांब फेकले जातात. त्या लांब गेलेल्या क्षणी दोघांनी आपापलं काय वाटेल ते करायचं. जोडीत राहून मोकळं व्हायचं, हा त्या नाचाचा जीव.

हा नाच वाढला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, सॅव्हॉय बॉलरूममध्ये. १२ मार्च १९२६ ला तो उघडला. लेनॉक्स अव्हेन्यूवर १४० ते १४१ व्या रस्त्यापर्यंत अख्खी लांबी व्यापणारी इमारत, आत दोन स्टेज. एक बँड थांबला की दुसरा सुरू, संगीत बंदच नाही. आणि महत्त्वाची गोष्ट, अमेरिकेत गोरे-काळे एकत्र बसूही शकत नव्हते अशा काळात इथे सगळे एकाच जमिनीवर नाचत. तिथे घरकाम करणाऱ्या बायका यायच्या, लिफ्ट चालवणारे यायचे, सिनेमातले स्टारही यायचे. मान कुणाला? ज्याला नाचता येतं त्याला.

तिथे क्लास नव्हता. हॉलच्या एका कोपऱ्यात सगळ्यात भारी नाचणारे जमायचे, त्याला म्हणायचे 'कॅट्स कॉर्नर'. नवीन पोरांनी लांब उभं राहून बघायचं, घरी जाऊन करून पाहायचं, पुन्हा यायचं. आपल्या ढोल-ताशा पथकात कसं असतं? जूनमध्ये नवीन मुलं येतात, मोकळ्या मैदानात सराव सुरू होतो. कुणी वही-पेन घेऊन बसत नाही. जुन्या वादकाच्या शेजारी उभं करतात, हात दुखून येतात, आणि गणपतीपर्यंत ठेका अंगात बसलेला असतो. सॅव्हॉयचं तसंच होतं.

त्या लांब उभ्या राहून बघणाऱ्या पोरांमध्ये एक होता फ्रँकी मॅनिंग. जन्म २६ मे १९१४, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा. लहानपणीच आईबरोबर हार्लेमला आला. आई स्वतः हौशी नाचणारी, आणि तिने पोराला तोंडावर सांगितलं होतं की तू फार ताठ नाचतोस. झालं! पोरगा घरी सराव करायला लागला.

१९३५ साली सॅव्हॉयमध्ये एक स्पर्धा झाली. समोर होता जॉर्ज 'शॉर्टी' स्नोडन, त्या काळातला राजा. उंचीने बुटका, आणि त्याची जोडीदार बिग बी चांगली उंच. त्यांचा नाच संपताना ती त्याला पाठीवर घेऊन बाहेर जायची, लोक वेडे व्हायचे. फ्रँकीच्या मनात आलं, ती त्याला नुसतं उचलून नेते, आपण उचलून पलीकडे उलटं टाकलं तर? जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टनला त्याने तयार केलं, खाली गादी टाकून सराव केला. स्पर्धेत फ्रीडा त्याच्या पाठीवरून उलटी होऊन थेट ठेक्यावर पायांवर उतरली. लिंडी हॉपमधली पहिली हवाई उडी ती, असं मानतात.

तेव्हा फ्रँकी २१ वर्षांचा होता. त्याच्याकडे ना सर्टिफिकेट होतं, ना गुरू.

त्याच वर्षी, अपोलो बंदरावर

आता १९३५ हे साल लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर मुंबईला या. कारण त्याच वर्षाच्या अखेरीस ताजमहाल हॉटेलमध्ये एक बँड आला. लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आणि त्याचे कृष्णवर्णीय अमेरिकन साथीदार. पुढच्या वर्षी क्रिकेट स्मिथ नावाच्या ट्रंपेटवाल्याने तिथे बँड चालवला, आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक तर भारतातच राहिला. १९४५ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने वारला. हा सगळा इतिहास नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात फार सुंदर आलाय, मिळालं तर वाचाच.

म्हणजे विचार करा, सॅव्हॉयमध्ये फ्रीडा उलटी होऊन उतरत होती, आणि साधारण तेव्हाच तेच संगीत गेटवे ऑफ इंडियासमोर वाजत होतं. पण जमीन वेगळी होती. सॅव्हॉयमध्ये थोड्या सेंट्समध्ये घरकाम करणारी बाई आत जायची. ताजमध्ये गोरे साहेब, संस्थानिक, श्रीमंत पारशी. परळ-लालबागचा गिरणी कामगार त्या दारात फक्त दरवानाची नोकरी करायला गेला असता.

पण स्टेजवर काही वेगळंच घडत होतं. त्या बँडमध्ये, आणि मग स्वतःचे बँड काढून, गोव्याचे वादक शिरले. हे लोक इतक्या पटकन जॅझ कसे काय वाजवू लागले? उत्तर माझ्या रकान्याशी संबंधित आहे: त्यांना शिक्षक होते.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असायच्या. तिथला मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारा मास्तर, पोरांना आधी नोटेशन वाचायला शिकवायचा, मग हातात व्हायोलिन द्यायचा. चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसं हवीत हा त्यामागचा साधा हेतू. पण परिणाम असा झाला की, शेताच्या बांधावरून आलेलं पोरगं मुंबईत धोबी तलावला आपल्या गावाच्या कुडात येऊन उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याही बँडसमोर कागद ठेवला तर वाचून वाजवू शकायचं.

हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ हा त्यातलाच. मुंबईत तो झाला चिक चॉकलेट, ट्रंपेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दुसरे. त्यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे मास्तर. अँथनी मुंबईत आले, सिनेमात अरेंजर झाले आणि व्हायोलिन शिकवू लागले. त्यांचा एक विद्यार्थी पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधला प्यारेलाल झाला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं गाणं आठवतंय? ज्यात अमिताभ अंड्यातून बाहेर येतो? त्यातलं नाव म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार आहे. गुरुदक्षिणा म्हणून यापेक्षा भारी काय असेल!

तर, संगीताला साखळी होती. मेस्त, मग वादक, मग अरेंजर, मग विद्यार्थी. कागदावर लिहिता येत होतं. १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलं आणि क्लबांचा धंदा बसला, पण वादक उपाशी मेले नाहीत. सिनेमाच्या स्टुडिओंमध्ये त्यांची गरज होती. संगीतकार चाल गुणगुणायचा, गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटून द्यायचा. नाव मात्र पडद्यावर फारसं यायचं नाही.

आणि नाच? नाच कागदावर लिहिलेला नव्हता. नाच अंगातून अंगातच जातो. त्याचं काय झालं?

दादरचा भगवानदादा

इथे आपल्या गोष्टीत एक मराठी माणूस येतो.

भगवान आबाजी पालव. जन्म १९१३, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार, बालपण मुंबईच्या कामगार वस्तीत. कुस्तीचा नाद म्हणून 'दादा'. मूकपटांच्या काळात सिनेमात आले, मग कमी पैशांतले मारधाडीचे सिनेमे स्वतः दिग्दर्शित करू लागले. ते सिनेमे कुठल्या वर्तमानपत्राने गौरवले नाहीत, पण कामगार वस्तीत धो धो चालायचे.

त्यांचे दोस्त म्हणजे सी. रामचंद्र. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. अण्णांना हिंदुस्थानी संगीत येत होतंच, पण मुंबईतला हा नवा पाश्चात्त्य ठेका त्यांनी कान देऊन ऐकला. आणि त्यांच्या बरोबर अरेंजर कोण? चिक चॉकलेट. म्हणजे ताजमध्ये वाजलेलं संगीत आता एका पुणतांबेकराच्या चालींमध्ये मिसळत होतं. १९५७ च्या 'आशा'मध्ये 'ईना मीना डीका' आलं, तेव्हा त्यात कोकणी शब्द घुसले ते जॉन गोम्स या गोवेकर सहायकामुळे, असं सांगतात.

त्याआधी १९५१ मध्ये आला 'अलबेला'. राज कपूरने भगवानदादांना सुचवलं की मारधाड सोड, सामाजिक चित्रपट काढ, असं म्हणतात. दादांनी काढला. स्वतः दिग्दर्शक, स्वतः नायक, समोर गीता बाली. त्यातल्या 'दीवाना परवाना' या गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्याचा बँड प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. यूट्यूबवर आहे, हा भाग संपल्यावर बघा. अरेंजरचं तोंड लोकांना दिसण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

पण मला बोलायचंय ते दादांच्या पायांबद्दल. 'शोला जो भडके' बघा, आवाज बंद करून बघा. ठेंगणा, जाडसर माणूस. पाय जमिनीवरून फार उचलत नाही, घासत पुढे नेतो. कोपरं वाकलेली, हात छातीपाशी हलके हलताहेत, खांदे ठेक्यावर. आणि चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. हा लिंडी हॉप आहे का? नाही. उगाच ओढूनताणून मी तसं म्हणणार नाही. त्यात लॅटिन ठेका आहे, दादांचा स्वतःचा मिश्कीलपणा आहे. पण स्विंगच्या पहिल्या तासाला आम्हाला जे सांगतात ते सगळं तिथे आहे: गुडघे सैल ठेवा, वजन खाली, ठेका पायात आधी आणि हातात नंतर, आणि हसा!

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीत हे गाणं लागलं. पंचाहत्तरी पार केलेले एक काका, पिंपरीतल्या कंपनीतून निवृत्त, त्याआधी परळच्या चाळीत वाढलेले. खुर्चीतून उठले आणि अगदी तसेच नाचले. पायाची तीच घासती चाल. मी विचारलं, "काका, कुठे शिकलात?" ते म्हणाले, "अगं शिकायचंय काय त्यात! गणपतीत नाचायचो आम्ही. पुढचा करतो तसं मागच्याने करायचं."

पुढचा करतो तसं मागच्याने करायचं. सॅव्हॉयच्या कॅट्स कॉर्नरचा नियमही हाच होता की!

म्हणजे ताजच्या जमिनीवर ज्यांना कधी पाय ठेवता आला नसता, त्या माणसांना भगवानदादांनी त्या संगीतावर नाचायला शिकवलं. क्लास न घेता. शिकवतोय हे स्वतःला माहीत नसताना. ती स्टेप इतकी सोपी होती की कुणालाही जमेल. पुढे अमिताभपासून गोविंदापर्यंत अनेकांच्या नाचात लोकांना ती दिसली.

शेवट मात्र गोड नाही. 'अलबेला'ने पैसा दिला. जुहूला मोठा बंगला, दारात गाड्या. मग 'झमेला' आणि 'लाबेला' काढले, ते तसे चालले नाहीत. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. दादा पुन्हा दादरच्या चाळीत आले, मिळतील त्या छोट्या भूमिका करत राहिले. बऱ्याच भूमिका म्हणजे काय, तर गर्दीत येऊन तीच स्टेप करायची. ४ फेब्रुवारी २००२ ला दादरलाच गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी सिनेमा आला, मंगेश देसाईंनी दादा केले. तुमच्यापैकी काहींना त्यांचं नाव तेव्हाच कळलं असेल.

मला हे वाचताना राहून राहून वाटलं की, या माणसाला कुणीतरी समोर बसवून विचारायला हवं होतं, "दादा, हा पाय नक्की कसा टाकता? हे तुम्हाला कुठून आलं?" स्टेप राहिली, पण तिच्यामागची गोष्ट, तिचं नातं, ते निसटलं. मिरवणुकीत ती करणाऱ्या शंभरातल्या किती जणांना ती कुणाची ते ठाऊक आहे?

एक जागा मात्र आहे जिथे स्विंगच्या कुळातला नाच आपल्याकडे थेट टिकला. वांद्रे, वसई, गोवा. कॅथलिक लग्नात कधी गेलात तर बँड सुरू झाला की मावश्या आणि काका लोक जाइव्ह करतात. जाइव्ह म्हणजे लिंडी हॉपचाच नातू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी हे नाच जगभर नेले, त्यातून तो बनला. त्या घरांमध्ये तो का टिकला? कारण प्रत्येक लग्नात कुणीतरी मावशी दहा वर्षांच्या भाच्याला हात धरून जमिनीवर ओढते. "चल, एक-दोन, मागे पाय." झाला क्लास. त्या मावशीला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही.

पोस्टातला माणूस

आता परत अमेरिकेत जाऊ. कारण तिथेही साखळी तुटलीच होती.

१९४३ मध्ये फ्रँकी सैन्यात गेला. १९४४ मध्ये अमेरिकन सरकारने जिथे नाच चालतो त्या जागांवर जबर कर बसवला, आधी ३० टक्के, मग २० टक्के. मालकांनी काय केलं? नाचाची जमीन काढून तिथे टेबलं मांडली. जॅझही बदललं, बीबॉप आलं, ते बसून ऐकायचं संगीत. युद्धावरून परत आलेल्या फ्रँकीने छोटा ग्रुप काढून काही वर्षं कार्यक्रम केले, पण रॉक अँड रोलच्या लाटेत काम मिळेना. १९५५ च्या सुमारास त्याने न्यूयॉर्कच्या पोस्टात नोकरी धरली. १९५८ ला सॅव्हॉय बंद झालं आणि मग पाडलंही गेलं. तिथे घरं उभी राहिली.

आणि फ्रँकी मॅनिंग तीस-एक वर्षं पोस्टात काम करत राहिला. बरोबरच्या किती जणांना माहीत असेल की १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' सिनेमातला तो अचाट नाच याने बसवलाय? तो नाच आवर्जून बघा. नाचणारे सगळे कृष्णवर्णीय, आणि सिनेमात त्यांना वेश दिलेत ते आचाऱ्याचे, मोलकरणीचे, मेकॅनिकचे. जगातले सगळ्यात भारी नाचणारे, पण नोकर म्हणूनच पडद्यावर यायचं. फ्रँकी त्यात मेकॅनिकच्या कपड्यांत आहे.

१९८० च्या दशकात काही तरुणांना जुन्या फिल्म बघून हा नाच शिकावासा वाटला. पण फिल्मवरून कसं कळणार, हाताला ओढ किती द्यायची? ती दिसत नाही, ती हातालाच समजते. १९८४ मध्ये स्वीडनचे नाचणारे न्यूयॉर्कला आले आणि त्यांनी अल मिन्सला शोधलं, सॅव्हॉयचाच जुना नर्तक. तो त्याच वर्षी स्टॉकहोमला जाऊन शिकवून आला. आणि १९८५ ला वारला. एक वर्ष उशीर झाला असता तर?

१९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाहून एरिन स्टीव्हन्स आणि तिचा डान्स पार्टनर न्यूयॉर्कला आले. फ्रँकी मॅनिंगला फोन लावला. विचारलं, "नाचणारे फ्रँकी मॅनिंग तुम्हीच का?" तो म्हणाला, नाही, मी पोस्टात काम करणारा फ्रँकी मॅनिंग. शिकवाल का म्हटल्यावर उत्तर आलं, मी शिकवत नाही.

ऐका हं. ज्याने या नाचातली पहिली हवाई उडी मारली, तो माणूस म्हणतो की मी शिकवत नाही. आणि ते खोटंही नव्हतं. बेसिक स्टेप किती मात्रांची, कुठला पाय कितव्या अंकावर, हे त्याने आयुष्यात मोजलं नव्हतं. तो तोंडाने ठेका गायचा आणि नाचायचा. मग ते पासाडेनाचे दोघं बघत, मोजत, विचारत राहिले. वय ७२ असताना तो शिकवायला शिकला. विद्यार्थ्यांनी त्याला शिक्षक केलं!

पुढचं सगळं स्वप्नासारखं आहे. १९८९ मध्ये ब्रॉडवेवरच्या 'ब्लॅक अँड ब्लू'साठी त्याला नृत्यदिग्दर्शनाचा टोनी पुरस्कार मिळाला. स्पाइक लीच्या 'माल्कम एक्स'मधल्या नाचावर त्याने काम केलं. जगभर फिरून शिकवलं. वर्गात तो सांगायचा की समोरच्या जोडीदाराला राणी समजा, आधी वाकून नमस्कार करा, मग हात मागा. ८५ व्या वाढदिवसाला तो ८५ बायकांबरोबर नाचला. २७ एप्रिल २००९ ला गेला, ९५ पूर्ण व्हायला एक महिना कमी होता. आज त्याच्या जन्मदिवशी, २६ मेला, जगभर लिंडी हॉप दिवस साजरा होतो.

त्याचीच सहकारी नॉर्मा मिलर, 'हेल्झापॉपिन'मध्ये तीही आहे, ९९ व्या वर्षापर्यंत जगली आणि जिथे बोलवतील तिथे जाऊन सॅव्हॉयची गोष्ट सांगत राहिली. स्टेप शिकायला आलेल्या पोरांना ती इतिहास ऐकवायची. हा नाच कुणाचा आहे ते विसरू नका, हा तिचा आग्रह.

तर, तो रकाना

हे सगळं वाचून मला काय मिळालं? परवानगी मिळाली असं नाही म्हणणार. उलट जबाबदारी वाढली.

एक म्हणजे, सगळ्यात भारी नाचणारा तो शिक्षक, हा माझा समज गेला. भगवानदादा भारीच होते, पण त्यांच्यापाशी बसून विचारणारं कुणी नव्हतं. फ्रँकीकडे विचारणारे गेले, म्हणून मी बेंगळुरूत शिकू शकले. म्हणजे शिकवणाऱ्याइतकाच विचारणारा महत्त्वाचा. मी अजून विचारणारीच आहे. फक्त माझ्यामागे आणखी आठ जण उभे आहेत, आणि काका म्हणाले तसं, पुढचा करतो तसं मागच्याने करायचंय. मग पुढच्याने पाय नीट टाकायला नको का?

दुसरं, स्टेप द्यायची तर नावासकट द्यायची. सॅव्हॉयचं नाव, फ्रँकीचं, फ्रीडाचं, नॉर्माचं. हा नाच ज्यांच्याकडून आला त्यांना सिनेमात आचारी आणि मोलकरीण करून नाचवलं गेलं. आपण तो एसी क्लबहाऊसमध्ये फिटनेस म्हणून करणार असू, तर पाच मिनिटं त्यांच्याबद्दल बोलायला काय हरकत आहे? झुंबाच्या बॅचवाल्यांनी हसायचं तर हसू देत.

तिसरं, मला येत नाही ते नाही म्हणून सांगायचं. हवाई उड्या मी शिकवणार नाही. मला नीट येत नाहीत, आणि क्लबहाऊसची फरशी आहे, गादी नाही. कुणी मला विचारलं आणि मला माहीत नसलं तर मी बेंगळुरूच्या माझ्या शिक्षिकेला फोन लावणार. तिला नाही माहीत तर ती तिच्या शिक्षकाला लावेल. ही वर जाणारी साखळी कुठेतरी त्या पोस्टातल्या माणसापर्यंत पोचते.

शेवटी फॉर्म भरला. 'प्रशिक्षकाची पात्रता व प्रमाणपत्र' या रकान्यात लिहिलं: "दोन वर्षे शिकले. प्रमाणपत्र नाही. अजून शिकते आहे." सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "म्हणजे फी घेणार नाही ना?"

म्हटलं, "नाही काका, फक्त स्पीकर चार्जिंगला लावू द्या."

तर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता पहिला तास आहे. बूट सपाट तळव्याचे घाला, जोडीदार आणायची गरज नाही. पहिलं गाणं चिक वेबच्या बँडचं लावणार आहे, सॅव्हॉयमध्ये वाजलेलं. आणि दुसरं 'अलबेला'मधलं. परळच्या त्या काकांनाही बोलावलंय. ते म्हणाले, "मी काय शिकणार आता?" मी म्हटलं, "काका, तुम्ही शिकायला नाही, पुढे उभं राहायला यायचंय."

बघू येतात का. पुढच्या भागात सांगते. तोपर्यंत, तुमच्या घरात, गल्लीत, लग्नात कुणी म्हातारं माणूस एखादी भन्नाट स्टेप करत असेल तर नुसता व्हिडिओ काढू नका. शेजारी उभे राहा, पाय बघा, आणि विचारा, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

भेटू लवकरच. काळजी घ्या.